डावा पाय, दुप्पट

व्हर्शिचची खिंड उतरून श्पेला दुकानात शिरली
तेव्हा तिच्या हँडलवरच्या डबीत दोनशे चौदा होते
आणि ल्युब्लियानात, गोराझ्दच्या पडद्यावर, एकशे एकाहत्तर.
स्वारी एकच. घामही एकाच अंगाचा.
"त्रेचाळीस वॉट सांडले कुठे?" तिनं विचारलं,
जणू मीच वाटेत वाकून ते वेचले होते.

मी हाताचं ग्रीस पुसलं.
सांडले नाहीत, म्हटलं, वाटले गेले.
चोवीस वळणं तू नुसती ब्रेकांवर बोटं ठेवून उतरलीस,
पाय थांबलेले.
तुझी डबी ती शून्यं धरतच नाही,
गोराझ्दचं सॉफ्टवेअर एकेक शून्य पंगतीला बसवतं.
मग सगळ्यांच्याच पानात थोडं कमी पडतं.
"खरं कोण?"
उतारावर तू होतीस की नव्हतीस, ते सांग.

चढाईचीही तीच गत.
खिंडीवरच्या खाणावळीत ती चहा पीत बसली होती,
त्रेंताच्या बाजूनं वादळ सरकत येत होतं,
हवा हलकी होत गेली
आणि डबीला वाटलं, बाई अजून चढतेच आहे:
बाकावर बसल्या बसल्या एकोणीस मीटर!
नकाशावरून मोजणाऱ्याला वादळाची खबर नाही;
त्याला डोंगर ठाऊक, पण चौकोनाचौकोनांचा,
कड्याच्या कुशीतला रस्ता
त्याला कधी कड्यावर दिसतो, कधी दरीत.

तिसरा आकडा संध्याकाळी आला. दोनशे एकोणचाळीस.
तीस सेकंदांच्या सरासऱ्या, प्रत्येकीचा चौथा घात,
त्यांची पुन्हा सरासरी, तिचं पुन्हा चौथं मूळ.
मला एवढंच कळलं
की ज्या क्षणांनी दम काढला ते फुगवून मोजायचे.
माझी बायको भांडणांचा हिशेब असाच ठेवायची,
आणि तिचा हिशेब चुकला असं
मला आजही म्हणवत नाही.

शुक्रवारी मी नवी पॅडलं लावून दिली.
जुना मीटर डाव्या क्रँकवर डकवलेला,
डावा पाय मोजायचा आणि दोननं गुणायचा.
उजव्याला त्यानं कधी काही विचारलं नव्हतं.
नवी पॅडलं दोघांनाही विचारतात.
दोन्ही यंत्रं एकदम चालू ठेवून ती पुन्हा वर गेली.
जुनं म्हणालं, दोनशे चोवीस.
नवी म्हणाली, दोनशे आठ:
डावा एकशे बारा, उजवा शहाण्णव.

"भिकार पॅडलं आहेत तुझी."
मी ती गार होऊ दिली, शून्यावर आणली,
बोल्ट पुन्हा आवळले, पट्टीवर नंबर बघून.
ती पुन्हा जाऊन आली.
सत्त्याण्णव.

मग ती जुन्या टायरांच्या ढिगावर बसली
आणि उजवा पाय चोळत राहिली,
तोल्मिनजवळच्या त्या मोरीपाशी, गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये,
जो तीन ठिकाणी मोडला होता.
डॉक्टर म्हणाले होते, भरून आला.
गोराझ्द म्हणाला होता. तीही सांगत होती, विचारील त्याला.
आणि रोज पहाटे डबी साक्ष देत होती,
कारण डावा बिचारा
दोघांच्या नावानं सही करत होता.

"त्याला आज पाठवू नकोस," ती म्हणाली.
नाही पाठवलं.
ती गेली. अनवाणी, गाडीतून, बूट इथेच विसरून.

ते उचलून ठेवताना मी उलटे केले.
डाव्याची क्लीट झिजून पिवळी पट्टी दिसू लागलेली,
उजव्याची अजून काळी, धारदार.
वसंतातही असंच होतं.
तेव्हा मी फक्त डावीच बदलली होती
आणि तिच्याकडून, हसत हसत,
अर्ध्या जोडीचे पैसे घेतले होते.